अक्षरचित्र आणि खत : इराणांतील नवें सुलेखन व आमची मोडी

१. मराठींत आपण ‘कित्ता’ म्हणतों तो शब्द अरबी-फारसी ‘कितआ’ यापासून आला आहे. फारसी सुलेखकांच्या परिभाषेंत कितआ म्हणजे सुंदर अक्षरांत लिहून, कडा सजवून, संग्रहांत ठेवण्याजोगें केलेलें एक पान. आमच्याकडे कित्ता म्हणजे पोरांनीं गिरवावें म्हणून पंतोजींनीं घालून दिलेलें वळण. ‘खत’ या शब्दाचेंही तसेंच झालें. इराणांत खत म्हणजे रेषा, लिपि आणि हस्ताक्षर. आमच्या दप्तरांत खत म्हणजे कर्जखत, खरेदीखत, फारखत, अर्थात् पुराव्याचा कागद. ‘नक्काशी’ ही तिकडे चित्रकला, इकडे लांकडावरचें किंवा तांब्यावरचें कोरीव काम. शब्द तेच, परंतु एका देशांत ते डोळ्याच्या सुखाला लागले, दुसऱ्यांत व्यवहाराच्या कामाला.

हा शब्दविचार आज करण्याचें कारण असें कीं, गेल्या साठ वर्षांत इराणांत ‘नक्काशी-खत’ या नांवाची अक्षरचित्रांची एक शाखा नांवारूपाला आली, आणि गेल्या चाळीस वर्षांत महाराष्ट्रांत मोडी व देवनागरी अक्षरांवर तसाच प्रयोग चालू आहे. त्याचें एक मुख्य ठाणें नवी मुंबईंत आहे. जुन्या कागदांच्या संग्राहकांनीं या चित्रांकडे कोणत्या दृष्टीनें पाहावें, हा प्रस्तुत लेखाचा विषय होय. चित्रांची समीक्षा करणें हा आमच्या वाचकांचा नित्याचा व्यवसाय नव्हे. परंतु जी लिपि आपण रुमालांतून सोडवून वाचतों तीच लिपि कोणी भिंतीवर टांगूं लागला, तर आपणांस तिकडे पाठ फिरवून चालणार नाहीं.

२. प्रथम इराणची बैठक सांगितली पाहिजे. नस्तालीक हें तेथील प्रमुख काव्यलेखनाचें वळण. चौदाव्या शतकाच्या अखेरीस व पंधराव्याच्या आरंभीं मीर अली तब्रीजी यानें त्याला शिस्त लावली अशी परंपरा आहे. त्यानंतरचा सर्वांत मोठा सुलेखक मीर इमाद, याचा इ. स. १६१५ मध्यें शहा अब्बासाच्या कारकीर्दींत इस्फहान येथें खून झाला. या वळणांत प्रत्येक अक्षराचें माप बोरूच्या टोकानें उमटविलेल्या चौकोनी टिंबांनीं मोजलेलें असतें. अमुक अक्षराची उंची इतकीं टिंबें, अमुक वेलांटीची लांबी इतकीं, असें ठरलेलें. अक्षरें ज्या पायारेषेवर बसतात तिला ‘कुर्सी’ म्हणतात. हातांत एवढी शिस्त मुरण्यासाठीं शिष्य एकाच पानावर पुन्हापुन्हा, आडवीं-उभीं, एकावर एक अक्षरें लिहून तें पान काळें करून टाकी. या सरावाच्या पानाला ‘सियाह-मश्क’ म्हणत. म्हणजे काळा सराव. कागद वांचे आणि हातही बसे.

पुढें या टाकाऊ पानांचेंच मोल वाढलें. थोर सुलेखकांच्या सरावाचीं पानें लोक जपून ठेवूं लागले, आणि सुलेखकही त्यांवर सही करूं लागले. एकोणिसाव्या शतकांत मीर्झा गुलाम रजा इस्फहानी यानें सियाह-मश्क ही स्वतंत्र कलाकृति म्हणूनच लिहिली. तींत वाक्य नाहीं, अर्थाची सलगता नाहीं; अक्षरांची दाटी, त्यांचा तोल आणि काळ्या-पांढऱ्याची विभागणी एवढेंच आहे. अक्षर वाचण्यासाठीं नसून पाहण्यासाठीं आहे हा विचार इराणांत युरोपीय चित्रकलेबरोबर आला असें जें सांगितलें जातें, तें या पानांकडे पाहिल्यावर टिकत नाहीं.

३. विसाव्या शतकांत या बैठकीवर दोन निरनिराळे पंथ उभे राहिले. समीक्षक त्यांची अनेकदां गल्लत करतात, म्हणून ते वेगळे करून दाखवितों.

पहिला पंथ चित्रकारांचा. १९६०च्या दशकाच्या आरंभीं तेहरानच्या कांहीं तरुण कलावंतांना समीक्षक करीम इमामी यांनीं ‘सक्काखाना’ हें नांव दिलें. सक्काखाना म्हणजे करबला येथें तहानेनें व्याकुळ होऊन मेलेल्या हुतात्म्यांच्या स्मरणार्थ घातलेली पाणपोई. मुंबईंत मोहरममध्यें जी सबील घालतात तिचीच जात. पाणपोईवरचें जाळीकाम, कुलुपें, ताइतांचे चौकोन, अंक आणि प्रार्थनांचे छापील कागद यांतून या मंडळींनीं आपलें चित्र काढलें. परवीझ तनावोली आणि हुसेन झिंदारूदी हे तेहरानजवळच्या रय येथील शाह अब्दुल अझीमच्या दर्ग्यापाशीं असले कागद धुंडीत फिरल्याची हकीकत प्रसिद्ध आहे. झिंदारूदी (जन्म १९३७) यांनीं अक्षरें आणि अंक एवढ्या दाटीनें भरले कीं त्यांतून शब्द लागणें अशक्य व्हावें. १९६१ सालीं ते पॅरिसला गेले, आणि त्यांचें १९६२चें एक चित्र न्यूयॉर्कच्या आधुनिक कलेच्या संग्रहालयांत पोंचलें. फरामर्झ पीलाराम हेही याच मेळ्यांतले. तनावोली यांनीं मात्र १९६५ पासून ‘हीच’ या एका शब्दाच्या मूर्ति घडविल्या. हीच म्हणजे कांहीं नाहीं. तीन अक्षरांचा हा नस्तालीक शब्द त्यांनीं बसविला, उभा केला, खुर्चीवर टेकविला. पण वाचणाऱ्यास तो प्रत्येक वेळीं वाचतां येतो.

दुसरा पंथ सुलेखकांचा. रजा माफी (१९४३–१९८२), नसरुल्ला अफजई (जन्म १९३३) आणि कझवीनचे मोहंमद एहसाई (जन्म १९३९) हे या पंथाचे प्रमुख. यांचा हात आधीं बोरूनें घडला आणि मग त्यांनीं रंग हातांत घेतला. माफी यांनीं सियाह-मश्क कागदावरून उचलून कापडावर व तैलरंगांत नेली. एहसाई यांच्या मोठ्या चित्रांत एकमेकांत गुंतलेलीं अक्षरें भरींव शिल्पासारखीं दिसतात. परंतु त्यांतील कोणतीही वेलांटी मोजून पाहावी, ती परंपरेच्या मापांत बसते. ‘नक्काशी-खत’ हें नांव खऱ्या अर्थानें याच पंथाला शोभतें.

आमच्या मतें या दोहोंत दुसरा पंथ अधिक टिकाऊ आहे, आणि त्याचें कारण अभिमान नसून हाताचा कस आहे. झिंदारूदींच्या चित्रांत अक्षर हें पोत म्हणून येतें. त्याच्या जागीं दुसरें चिन्ह घातलें तरी चित्र मोडत नाहीं. एहसाईंच्या चित्रांत एक अक्षर बदललें तर सगळा तोल ढळतो. मात्र या पंथालाही एक कीड लागली. एप्रिल २००८ मध्यें दुबईच्या लिलावांत एहसाईंचें एक चित्र दहा लाख डॉलरांहून अधिक किंमतीला गेलें, आणि त्याच लिलावांत तनावोलींच्या शिल्पाला त्याच्या दुपटीहून जास्त किंमत आली. तेव्हांपासून अशा चित्रांची मागणी वाढली, आणि फारसी न वाचणाऱ्या ग्राहकासाठीं लिहिलेलीं, माप नसलेलीं, केवळ वळसे असलेलीं चित्रेंही बाजारांत उदंड झालीं. वाचणारा गिऱ्हाईक नसला म्हणजे लिहिणाराही सैल होतो, हा धडा आपणांस पुढें उपयोगी पडणार आहे.

४. हें सर्व परदेशाचें पुराण आहे असें आमच्या संग्राहकांनीं समजूं नये. ज्यांच्याजवळ आदिलशाही फर्मान असेल त्यांनीं त्याच्या माथ्यावरील तुग्रा पाहावा. बादशहाचें नांव व पदव्या यांचीं अक्षरें तेथें चित्रासारखीं रचलेलीं असतात. सामान्य वाचकाला तीं वाचतां येऊं नयेत, पण ओळखतां यावींत, अशीच योजना आहे. विजापुरास इब्राहीम रोझ्याच्या खिडक्यांवर दगडी जाळी आहे, ती भूमितीची नसून अक्षरांचीच आहे. प्रकाश अक्षरांच्या फटींतून आंत येतो. दुसरा इब्राहीम आदिलशहा (राज्यकाल १५८०–१६२७) याच्या पदरीं इराणांतून आलेला खलीलुल्ला नांवाचा सुलेखक होता. त्यानें शहाच्या ‘किताब-इ-नवरस’ या ग्रंथाची प्रत लिहून नजर केली, तेव्हां त्याला ‘लेखणीचा बादशहा’ अशी पदवी मिळाली.

मराठ्यांच्या दरबारींही फारसी लेखणी चालतच होती. ‘पारसनीस’ हें आडनांवच त्याची साक्ष देतें. आणि त्याच नांवाचे दत्तात्रय बळवंत पारसनीस (१८७०–१९२६) हे आमच्या संग्राहकांचे एक आद्य पुरुष ठरले, हा योगायोग रम्य आहे. शहाजीराजांची मुद्रा फारसी आणि शिवाजीमहाराजांची संस्कृत, हा फरक सर्वांस ठाऊक आहे. ग. ह. खरे यांनीं ‘ऐतिहासिक फारसी साहित्य’ खंडशः प्रसिद्ध करून या बाजूच्या कागदांना मराठी वाचक मिळवून दिला. एकोणिसाव्या शतकांत मुंबईच्या शिळाप्रेसांतून फारसी ग्रंथ छापून इराणांत जात, कारण नस्तालीकचे खिळे पाडणें कठीण आणि शिळेवर सुलेखकाचा हात जसाच्या तसा उतरे. तेव्हां फारसी अक्षराचें चित्रत्व आमच्या दारांत चारशें वर्षें उभें आहे.

५. आतां मोडीकडे वळूं. मोडी ही फारसी ‘शिकस्ता’ वळणाच्या अनुकरणानें निघाली हें मत इतिहासाचार्य राजवाडे यांनीं मांडलें, आणि शिकस्ता म्हणजे ‘मोडलेली’ या अर्थसाम्यानें तें पुष्कळांना पटलें. अक्षरचित्रांच्या प्रदर्शनांतूनही हें मत आज पुन्हा ऐकूं येतें. मोडी आणि इराणी वळण यांचें दृश्य साम्य दाखविण्यास तें सोयीचें पडतें. परंतु कालगणनेपुढें तें टिकत नाहीं. शिकस्ता हें वळण इराणांत सतराव्या शतकांत सिद्ध झालें, आणि अठराव्यांत अब्दुल मजीद तालेकानी यानें त्याला पूर्णत्व दिलें. पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळाच्या संग्रहांत इ. स. १३८९चा मोडी कागद असल्याचें नमूद आहे. शिष्य गुरूच्या आधीं अडीचशें वर्षें जन्मूं शकत नाहीं. बाळाजी आवजी चिटणीस यांनीं मोडी निर्माण केली हें १९०५च्या सुमारास बा. आ. गुप्ते यांनीं मांडलेलें मतही याच कागदापुढें पडतें. बाळाजी आवजींकडे वळण सुधारल्याचें श्रेय राहतें, जन्माचें नव्हे. राजवाड्यांच्या बाजूनें एवढें म्हणतां येईल कीं, शिकस्ताच्या पूर्वीं ‘तालीक’ नांवाचें कचेरीचें घाईचें वळण इराणांत होतें. परंतु घाईनें लिहिणाऱ्या कारकुनाचा हात कोणत्याही देशांत अक्षर मोडतोच. त्यासाठीं त्यानें शेजाऱ्याचा कित्ता गिरविलाच पाहिजे असें नाहीं.

दोन्ही लिपींच्या रचनेंतला भेद तर चित्रकारांनीं आवर्जून पाहावा असा आहे. फारसी अक्षर खालच्या कुर्सीवर बसतें. मोडी अक्षर वरच्या रेघेला लटकतें. मोडी लिहिणारा प्रथम पानभर आडवी रेघ ओढून घेई आणि मग तिच्याखालीं बोरू शक्य तों न उचलतां अक्षरें जोडीत जाई. ऱ्हस्व-दीर्घाचा भेद तींत नाहीं, शब्द तोडलेले नाहींत, विरामचिन्हें नाहींत. काना लागतांच कांहीं अक्षरांचें रूपच पालटतें. अशा लिपींत एका गांठीच्या फरकानें गांवाचें नांव बदलतें, आणि एका वेलांटीनें माणसाचें. म्हणून चिटणिशी, महादेवपंती, रानडी या वळणांचे भेद आपण जपून शिकतों. तो केवळ रसिकतेचा भाग नव्हे. वळण ओळखलें म्हणजे कागदाचा काळ व घराणें हातीं लागतें.

६. या पार्श्वभूमीवर नवी मुंबईच्या अक्षरचित्रांचा विचार करूं. त्यांच्या मागें दोन माणसें उभीं आहेत. पहिले रघुनाथ कृष्ण जोशी (१९३६–२००८). जाहिरातीच्या धंद्यांत अक्षररचना करून, पुढें पवईच्या आय. आय. टी.च्या औद्योगिक संकल्पन केंद्रांत शिकवून, त्यांनीं अक्षराचा आकार आणि त्याचा उच्चार यांचें नातें शोधण्यांत आयुष्य घालविलें. ते कवीही होते, आणि शब्दांची मांडणी हाच कवितेचा देह अशा कविता त्यांनीं मराठींत लिहिल्या. संगणकावर देवनागरी लिहिणाऱ्या कोट्यवधी लोकांच्या डोळ्यांपुढें असलेला ‘मंगल’ हा टंक त्यांचाच. राष्ट्रीय सॉफ्टवेअर केंद्रांत त्यांनीं भारतीय लिप्यांच्या टंकांचें काम केलें. तें केंद्र पुढें सी-डॅक या संस्थेंत विलीन झालें, आणि तिचें मुंबईचें ठाणें आज नवी मुंबईंत खारघरपाशीं आहे. जोशी यांच्या दृष्टीनें अक्षराचें सौंदर्य आणि अक्षराचें वाचन यांत वैर नव्हतें. किंबहुना दुसरें साधलें नाहीं तर पहिलें फोल, हाच त्यांच्या कामाचा आशय होता.

दुसरे श्री. अच्युत पालव. सर जे. जे. उपयोजित कला संस्थेंतून १९८२ सालीं बाहेर पडल्यावर त्यांनीं एका जाहिरात संस्थेच्या शिष्यवृत्तीवर मोडीचा अभ्यास केला. चित्रकलेच्या विद्यार्थ्यानें त्या काळीं जुन्या दप्तरांतलीं पानें पाहावींत ही गोष्टच विरळ होती. या अभ्यासांतून त्यांनीं मोडी आणि देवनागरी यांचा मेळ घालून ‘मुक्तलिपि’ निर्माण केली, संतांच्या वचनांवर मोठाल्या पटांतून काम केलें, नवी मुंबईंत सुलेखनाची शाळा चालविली, आणि देशभरच्या सुलेखकांना एकत्र आणणारे मेळे भरविले. २०२५ सालीं त्यांना पद्मश्री मिळाली. सुलेखन या कलेला असा मान मिळाला याचा आनंद आमच्या वाचकांस झाल्यावांचून राहणार नाहीं.

पालव यांच्या कामाचा मुख्य गुण असा कीं, त्यांनीं मोडीचें चैतन्य बरोबर ओळखलें. तें चैतन्य अक्षराच्या आकारांत नसून हाताच्या गतींत आहे. रुंद कुंचल्याच्या एका दमांत ओढलेली रेघ, तिच्याखालीं झोके घेत जाणारे वळसे, आणि रंग संपत आला म्हणजे उमटणारा कोरडा खरखरीत माग, यांत चिटणिसाच्या लगबगीची आठवण आहे. ज्यानें शेंकडों पत्रें वाचलीं आहेत त्याला ही गति तत्काळ ओळखूं येते. या बाबतींत नवी मुंबईचा पंथ इराणच्या पंथाहून निराळा व स्वतंत्र आहे. इराणी सुलेखकाचा भर मापावर. त्याची रेषा सावकाश, तोललेली. आमची रेषा धावती. एहसाईंचें चित्र इमारतीसारखें उभें राहतें, मोडीचें चित्र वाहत्या पाण्यासारखें जातें. परकीय नमुन्याचें अनुकरण म्हणून या कामाची संभावना करणें अन्यायाचें होईल.

७. परंतु येथेंच आमचा मुख्य आक्षेप सुरू होतो. तो एका व्यक्तीवर नसून या मार्गावर व विशेषतः त्यावरून चालणाऱ्या अनुयायांवर आहे.

इराणी अक्षरचित्रकार जेव्हां अक्षर दुर्वाच्य करतो, तेव्हां समोर उभा असलेला प्रत्येक साक्षर इराणी तें अक्षर वाचूं शकत असतो. नस्तालीक तेथें आजही कवितेच्या पुस्तकांत, दुकानाच्या पाटीवर, लग्नपत्रिकेवर जिवंत आहे. प्रेक्षक वाचूं पाहतो, अडखळतो, एक शब्द हातीं लागतो, दुसरा निसटतो. या धडपडींतच चित्राचा रस आहे. ‘हीच’ हा शब्द वाचतां येतो म्हणूनच त्या मूर्तीचा अर्थ लागतो. इराणांत वाचन आहे म्हणून न-वाचनाला किंमत आहे.

मोडीची स्थिति उलट आहे. १९५०च्या सुमारास ती शाळांतून गेली. विल्यम केरी यांनीं १८१० मध्यें श्रीरामपूर येथें आपला मराठी शब्दकोश मोडी खिळ्यांनीं छापला होता. तरी पुढें छापखान्यानें देवनागरीच पत्करली, आणि २०१४ सालीं युनिकोडमध्यें जागा मिळेपर्यंत संगणकावर मोडीला स्वतःचें घर नव्हतें. आज मोडीचें चित्र पाहणाऱ्या शंभर मराठी माणसांत एकालाही तें वाचतां येईल असें धरून चालतां येत नाहीं. त्याला सर्वच मोडी दुर्वाच्य आहे. मग चित्रकारानें तिला आणखी दुर्वाच्य करून काय साधलें? जेथें ताणच नाहीं तेथें दोर सैल सोडण्यांत कौशल्य कसलें? प्रेक्षक ‘जुनें कांहीं तरी सुंदर’ पाहून समाधानानें पुढें जातो. साडीच्या पदरावर, उपाहारगृहाच्या भिंतीवर, पेल्यावर मोडीसारखे वळसे आतां दिसतात. त्यांत पुष्कळदां अक्षर नसतेंच, नुसती रेघ आणि खालीं गोळे असतात. हें दुबईच्या गिऱ्हाइकासाठीं लिहिलेल्या फारसीसारखेंच झालें. फरक एवढाच कीं, तेथें गिऱ्हाईक परका होता, येथें घरचा आहे.

आणि येथें पणाला लागलेली गोष्ट केवळ रसिकतेची नाहीं. सप्टेंबर २०२३ मध्यें मराठवाड्यांतील कुणबी नोंदी शोधण्यासाठीं राज्य सरकारनें निवृत्त न्यायमूर्ति संदीप शिंदे यांच्या अध्यक्षतेखालीं समिति नेमली. नोंदी मोडींत, उर्दूंत व फारसींत निघाल्या, आणि तालुक्या-तालुक्यांतून मोडी वाचणारे शोधीत फिरण्याची पाळी आली. हजारो कुटुंबांचे दाखले त्या वाचकांच्या डोळ्यांवर अवलंबून राहिले. नवी मुंबईचीच गोष्ट घ्यावी. १९७० सालीं सिडकोची स्थापना होऊन ठाणें व तत्कालीन कुलाबा जिल्ह्यांतील ९५ गांवांच्या जमिनीवर हें शहर उभें राहिलें. या प्रांतांतील आगरी-कोळी घराण्यांच्या जुन्या खतांची लिपि मोडी. ज्या शहरांत मोडी भिंतीची शोभा झाली, त्याच शहराच्या पायाखालच्या जमिनीचा इतिहास मोडींत लिहिलेला आहे. आरंभीं सांगितलेला ‘खत’ शब्दाचा भेद येथें पुन्हा आठवावा. आमची लिपि ही मूलतः पुराव्याची लिपि आहे. तिचें चित्र करतांना पुरावा पुसला गेला, तर जें उरतें तें सुंदर असलें तरी मुकें आहे.

८. या आक्षेपास एक बळकट उत्तर आहे, आणि तें न सांगणें अप्रामाणिकपणाचें होईल. अक्षरचित्रकार म्हणूं शकेल : ‘लिपि कोणी मारली? आम्ही नव्हे. तिला शाळेंतून काढलें तेव्हां आम्ही जन्मलोंही नव्हतों. तुम्ही संग्राहकांनीं रुमाल बांधून कपाटांत ठेवले, कोणी पाहावयास आला तर दहा सबबी सांगितल्या. आम्ही निदान तिचें तोंड तरी लोकांना दाखविलें.’ यांत तथ्य आहे, आणि आपणांस तें बोचलें पाहिजे. मोडीचे वर्ग आज निघतात त्यांत येणाऱ्या तरुणांपैकीं कित्येकांना प्रथम ओढून आणतो तो अक्षराचा आकारच. दस्ताची गोडी मागाहून लागते. सियाह-मश्कच्या पानांनीं जें केलें तेंच हें. सरावाचें पान हें चित्र झालें, पण चित्रावर भाळलेला मनुष्य पुन्हा सरावाकडे वळला, म्हणून नस्तालीक टिकलें. एवढेंच नव्हे, तर आमच्यापैकीं कित्येकजण मोडी वाचतात, पण लिहीत नाहींत. हातानें बोरू धरून चार ओळी गतीनें लिहिल्यावांचून कोठें गांठ पडते आणि कोठें रेघ निसटते हें डोळ्याला कळत नाहीं. ही विद्या आज संशोधकापेक्षां सुलेखकापाशीं अधिक आहे, हें मान्य केलें पाहिजे.

९. म्हणून अक्षरचित्रांना नाकें मुरडावींत असा आमचा निष्कर्ष नाहीं. त्यांची पारख कशी करावी एवढें ठरविलें पाहिजे. आमच्या मतें तीन प्रश्न पुरेसे आहेत. पहिला, या चित्रांत शब्द आहे काय, आणि मोडी जाणणारा तो प्रयासानें का होईना वाचूं शकतो काय? दुसरा, यांतील वळण कोणत्या काळाच्या कागदावरून घेतलें आहे, कीं सर्व काळांची खिचडी केली आहे? तिसरा, कुंचल्याच्या मागें बोरूचा सराव दिसतो काय, कीं रंगाच्या थराखालीं कच्चा हात झांकला आहे? माफी आणि एहसाई या तिन्ही प्रश्नांना उतरतात. जोशी यांचें काम उतरतें. मुक्तलिपि पहिल्या प्रश्नाला कोठें उतरते व कोठें मुद्दामच बगल देते. परंतु तिसऱ्याला निश्चित उतरते. बाजारांतील बरेंचसें काम एकाही प्रश्नापुढें उभें राहत नाहीं.

दोन सूचना करून हा लेख पुरा करतों. अक्षरचित्रकारांस आमची विनंति अशी कीं, मोडी चित्राखालीं त्यांतील मजकूर बाळबोधींत द्यावा, आणि वळण कोणत्या कागदावरून घेतलें तें लिहावें. चित्राचें यानें कांहीं उणें होत नाहीं. उलट पाहणारा एकदां खालची ओळ वाचून पुन्हा वर पाहूं लागला, तर त्याच क्षणीं त्याचा मोडीचा पहिला धडा झाला. संग्राहकांस विनंति अशी कीं, सुलेखनाच्या विद्यार्थ्यांस आपलीं चांगल्या वळणाचीं पत्रें पाहूं व गिरवूं द्यावींत. वर्षांतून एक दिवस तरी जुनें खत आणि नवा कुंचला एका बैठकींत यावे. पंतोजींनीं घालून दिलेला कित्ता आणि संग्रहांत ठेवण्याजोगा कितआ हे मुळांत एकच होते. त्यांची फारकत आपल्या डोळ्यांदेखत होत आहे, आणि ती थांबविणें अद्यापि आपल्या हातीं आहे.